जंगलातील शक्ती : बऱ्हाणपूरचा जमाखर्च

भुसावळ सोडून खांडव्याकडे निघालेली आगगाडी रावेर आणि बऱ्हाणपूर मागे टाकते, तेव्हा तापीकाठची काळी जमीन हळूहळू सरते, केळीच्या बागा विरळ होतात आणि सातपुड्याच्या टेकड्या रुळांजवळ येतात. उन्हाळ्याचे दिवस असले तर त्या टेकड्यांच्या माथ्यावर पर्णहीन, पांढुरक्या सालीची झाडे दिसतात. ही सालई. हिच्या खोडातून धुपासारखा सुगंधी डिंक पाझरतो आणि तो गोळा करून विकणारी कोरकू व भिलाला कुटुंबे या भागात पिढ्यान्पिढ्या राहत आली आहेत. सालईचे लाकूड हलके. इमारतीला त्याचा उपयोग थोडा. नांगराला नाही, बैलगाडीलाही नाही. अंजन आणि धावडा ही निमाडची खरी मानाची झाडे. सालईला बिचारीला कोणी विचारीत नसे.

तिला विचारणारा ग्राहक स्वातंत्र्यानंतरच्या काळात आला. असीरगडच्या पलीकडे, चांदनी स्थानकाच्या पुढे नेपा नावाचे एक लहानसे खेडे होते. तेथे वृत्तपत्राच्या कागदाची गिरणी उभी राहिली. 1955 मध्ये तिच्यातून कागद निघू लागला आणि 26 एप्रिल 1956 रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते ती राष्ट्राला अर्पण झाली. वर्षाला 30,000 टन कागद काढण्याची तिची आरंभीची शक्ती होती. वृत्तपत्राचा कागद तोवर सारा परदेशातून येत असे. भारतात तो करणारी ही पहिलीच गिरणी. सालईचा लगदा आणि बांबूचा लगदा यांच्या मिश्रणातून तो कागद तयार होई. सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्र उलगडणाऱ्या पुष्कळ मराठी कुटुंबांच्या हाती त्या काळी सातपुड्यातील सालईच येत होती, पण हे कोणाच्या ध्यानी नसे.

आजच्या विषयाशी कागदाचा काय संबंध, असे कोणी विचारील. विषय आहे लाकडापासून आणि जंगलातील इतर वाळक्या वस्तूंपासून शक्ती निर्माण करण्याचा. वाफ, वायू आणि वीज यांचा. शास्त्रज्ञ या साऱ्या वस्तूंना मिळून ‘जैवभार’ म्हणतात. कोळसा आणि खनिज तेल एकदा जाळले की संपले, लाकूड मात्र पुन्हा वाढते, म्हणून त्यापासून मिळणाऱ्या शक्तीला अक्षय शक्ती म्हणावे, असा आजचा विचार आहे. तो विचार चुकीचा नाही. तथापि जंगल ‘पुन्हा वाढते’ या दोन शब्दांवर विसंबून मोठे यंत्र उभारले तर काय होते, याचा एक पूर्ण प्रयोग बऱ्हाणपूर जिल्ह्यात होऊन गेला आहे, आणि तो नेपानगरचा आहे. वीज असो वा कागद, यंत्राची भूक सारखीच असते. ते दर दिवशी, दर पाळीला, ठरलेल्या वजनाचे लाकूड मागते. झाड मात्र पाऊस पडेल तसे वाढते.

नेपानगरला पुढे सालई आणि बांबू पुरेनासे झाले. याचा सारा दोष गिरणीच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. वणवे, गुरचराई आणि शेतीसाठी होणारी तोड यांनीही जंगल मागे हटविले. शिवाय सालईचे कोवळे रोप आग आणि गुरे यांतून वाचून मोठे होणे मुळातच दुर्घट असते. गिरणीच्या आर्थिक अडचणींनाही अन्य कारणे होती. पण घडले ते असे, की जंगलाच्या आधाराने उभी राहिलेली ही गिरणी रद्दी कागदाकडे वळली. 2016 मध्ये तिचे उत्पादन थांबले, यंत्रांचे नूतनीकरण झाले आणि 23 ऑगस्ट 2022 रोजी ती पुन्हा सुरू झाली ती रद्दीपासून कागद करणारी गिरणी म्हणूनच.

आता लाकडात शक्ती किती असते ते पाहू. नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. ते तसेच चुलीत घातले तर आगीचा मोठा भाग त्या पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडतो. ओले सरपण धुमसते ते यामुळे. उन्हात चांगले वाळलेले लाकूड दर किलोला सुमारे 3,500 ते 4,000 किलोकॅलरी उष्णता देते. धावड्याचे लाकूड उत्तम आणि सालईचे हलके, असे मोळीवाला सांगतो ते खरे आहे, पण ते मोळीच्या आकारमानावरून. वजनाने तोलले तर वाळलेल्या सालईचा किलो आणि वाळलेल्या धावड्याचा किलो यांच्या उष्णतेत फारसा फरक नाही. दगडी कोळसा मात्र त्याच्या जातीप्रमाणे लाकडाच्या बरोबरीने किंवा पुष्कळ अधिक उष्णता देतो, शिवाय तो जागा कमी अडवितो. लाकूड मागे पडते ते येथे. ते फुगीर आहे, पाणी धरून ठेवणारे आहे आणि मैलोगणती विखुरलेले आहे.

केळीचा प्रश्न येथेच सोडवून टाकावा. बऱ्हाणपूर म्हटले की केळी, आणि घड उतरल्यावर शेतात आडवे पडलेले खांब पाहून, एवढे सारे जाळून वीज का करू नये, असे पाहुण्याला वाटते. त्या खांबात दहा भागांतील नऊ भागांहून अधिक पाणी असते. त्याचे धागे निघतात, खत होते. जळण होत नाही.

लाकडापासून वीज करण्याचे मार्ग मुख्यतः दोन. पहिला साखर कारखान्यांचा. उसाचा रस काढल्यावर उरलेला चोथा भट्टीत जाळतात, त्यावर वाफ करतात, वाफेने चक्र फिरवितात. बऱ्हाणपूरलाही सहकारी साखर कारखाना आहे, तेव्हा ही विद्या जिल्ह्याला नवी नाही. दुसरा मार्ग वायूचा. बंद पात्रात लाकडाला पुरेशी हवा दिली नाही तर ते पूर्ण जळत नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे जळणारे वायू निघतात. प्रत्येकी सुमारे एकपंचमांश हे दोन, आणि निम्मा हवेतला निरुपयोगी नायट्रोजन, असे त्याचे मिश्रण असते. ते धुऊन, गाळून, त्यातला डांबरासारखा चिकट अंश काढून इंजिनात सोडले की इंजिन चालते. वयोवृद्धांच्या घरात याची आठवण निघेल. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा आपल्या रस्त्यांवर मागे कोळशाची शेगडी बांधलेल्या मोटारी धावत होत्या, त्या याच वायूवर. युद्ध संपले, पेट्रोल आले आणि त्या शेगड्या भंगारात गेल्या.

ही जुनी युक्ती बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने पुन्हा हाती घेतली. कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात होसहळ्ळी नावाचे एक अगदी छोटे खेडे आहे. तेथे 1988 मध्ये लाकडाच्या वायूवर चालणारे लहानसे वीजयंत्र बसविले, आणि पुढे ते 20 किलोवॅटपर्यंत वाढविले. त्या विजेवर घरात दिवे लागले, पिण्याचे पाणी वर चढू लागले, पिठाची चक्की फिरू लागली. या प्रयोगात यंत्राइतकीच महत्त्वाची गोष्ट अशी होती, की त्याच्या पोटासाठी गावाच्या जमिनीवर स्वतंत्र झाडे लावण्यात आली. मध्य प्रदेशातच, बुंदेलखंडातील ओरछा येथे, 1996 च्या सुमारास अशाच एका यंत्राने दुसरी वाट काढली. तळ्यांच्या आणि ओढ्यांच्या काठी माजणारी, गुरेदेखील ज्याला तोंड लावीत नाहीत अशी बेशरम नावाची वनस्पती त्याने जळणासाठी घेतली. ज्याचा उपद्रवच होता त्याचे इंधन झाले, आणि कोणाच्या चुलीला त्याची उणीव भासली नाही.

होसहळ्ळी आणि ओरछा यांचे मोठेपण त्यांच्या लहानपणात आहे. मोठ्या प्रमाणावर हेच करू गेले तर काय होते, याचा हिशेब कोणासही पाटीवर मांडता येईल. एक मेगावॅट म्हणजे 1,000 किलोवॅट. असे एक केंद्र वर्षाकाठी 7,000 तास चालले तर 70 लाख युनिट वीज देईल. लहान केंद्रात एका युनिटामागे सव्वा ते दीड किलो लाकूड लागते. 1.3 किलो धरले तरी वर्षाला 9,100 टन झाले. सातपुड्याच्या शुष्क पानझडी जंगलात एका हेक्टरावर दरसाल एक टन लाकूड नव्याने वाढते असे मानू. हे मान उदार आहे, कमी नाही. म्हणजे जंगलाचे भांडवल न मोडता, केवळ व्याजावर एक मेगावॅटचे केंद्र चालवायचे तर 9,000 हेक्टरांहून अधिक जंगल त्या एकट्याच्या नावे लिहून द्यावे लागेल. शेजारच्या खांडवा जिल्ह्यात निमाडच्या संत सिंगाजींचे नाव धारण करणारे औष्णिक वीजकेंद्र 2,520 मेगावॅटचे आहे. त्याच्यापुढे हा एक मेगावॅट म्हणजे समईतली वात.

जगात असे कोणी केलेच नाही असे नाही. इंग्लंडमध्ये यॉर्कशायर परगण्यात ड्रॅक्स नावाचे कोळशाचे प्रचंड वीजकेंद्र होते. गेल्या दशकात त्याच्या भट्ट्या एकामागून एक लाकडाच्या दाबून केलेल्या कांड्यांवर वळविण्यात आल्या. त्या कांड्या मुख्यतः अमेरिका आणि कॅनडा या देशांतून समुद्रमार्गे येतात, आणि वर्षाला लक्षावधी टन जळतात. युरोपच्या कायद्यात ही वीज अक्षय गणली गेली आहे. पण आज जाळलेल्या झाडाचा धूर आज हवेत जातो आणि त्याच्या जागी वाढणारे झाड तो शोषून घ्यायला कित्येक दशके घेते, तर मधल्या काळाचे ऋण कोणाच्या नावे मांडायचे, यावर तेथील शास्त्रज्ञांत वाद चालू आहे. सावकारीच्या व्यवहारात वाढलेल्या आपल्या शेतकऱ्याला हा वाद समजावून सांगावा लागणार नाही.

भारत सरकारने याबाबतीत शहाणपणाची रेषा आखली आहे असे म्हणता येते. 2021 मध्ये कोळशाच्या वीजकेंद्रांसाठी जे सुधारित धोरण जाहीर झाले, त्यात कोळशाबरोबर प्रथम 5 टक्के आणि पुढे 7 टक्के जैवभार जाळण्याचे बंधन घातले. आणि हा जैवभार मुख्यतः शेतातील काडीकचऱ्याच्या कांड्यांचा असावा, अशी अपेक्षा ठेवली. जंगल त्यातून वगळले गेले हे योग्य झाले. पण या 5 टक्क्यांचेही वजन केवढे आहे पाहा. सिंगाजीचे केंद्र पूर्ण भाराने चालले तर त्याला रोज 35 ते 40 हजार टन कोळसा लागेल. त्याचे 5 टक्के म्हणजे रोज दोन हजार टनांच्या आसपास कांड्या. कपाशीच्या एका हेक्टरातून सुमारे दोन टन पऱ्हाटी निघते असे धरले, तर दर दिवशी हजार हेक्टरांची पऱ्हाटी भट्टीत घालावी लागेल. जंगल कागदावर वगळले तरी एवढ्या भुकेचा हात त्याच्या कडेपर्यंत पोहोचणार नाही, हे पाहण्याचे काम धोरणाचे नाही, नाक्यावरच्या वनरक्षकाचे आहे. बऱ्हाणपूरच्या वनरक्षकाच्या डोक्यावर आधीच पुरेसा भार आहे. 2022 च्या अखेरीपासून 2023 च्या एप्रिलपर्यंत नेपानगर भागात घाघरला येथील जंगलात शेतजमिनीसाठी जी मोठी तोड झाली, तिची वार्ता देशभर पोहोचली होती. जेथे उभे झाड राखणे इतके कठीण, तेथे तोडलेल्या लाकडाला नवा आणि न भागणारा गिऱ्हाईक आणून बसविणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणे होय.

या सर्व आकड्यांत एक आकडा कोठेच येत नाही. तो म्हणजे डोक्यावरच्या मोळीचा. खकनारकडच्या कोरकू वस्तीतली बाई पहाटे निघते, वाळक्या फांद्या आणि काटक्या गोळा करते आणि दुपारी वीस-पंचवीस किलोंची मोळी घेऊन परतते. जुन्या मध्य प्रांतात या हक्काला निस्तार म्हणत आणि आजही म्हणतात. 2006 च्या वनहक्क कायद्यानेही बांबू, काटक्या आणि खुंट यांना गौण वनोपज ठरवून त्यांवर वनवासी समाजाचा हक्क मानला आहे. ‘जंगलात वाया जाणारा जैवभार’ असे जेव्हा एखाद्या अहवालात लिहिले जाते, तेव्हा त्यातला पुष्कळसा भाग वाया जात नसतो. तो कोणाची तरी भाकरी भाजत असतो. त्याला बाजारभाव आला की आज फुकट मिळणारी काटकी उद्या टनाने विकली जाईल, आणि ती गोळा करणारीलाच आपल्या चुलीसाठी ती विकत घ्यावी लागेल. शेतातल्या पऱ्हाटीचेही तेच. निमाड, खानदेश आणि वऱ्हाड या कापसाच्या मुलखात हंगाम संपल्यावर पऱ्हाट्या उपटणाऱ्या मजुराला पुष्कळदा त्याच पऱ्हाट्या सरपणासाठी मिळतात. 2016 पासून उज्ज्वला योजनेने गॅसची शेगडी असंख्य घरांत नेली, पण टाकी पुन्हा भरून आणणे परवडत नाही तेथे शेजारी चूल पेटतेच.

म्हणून बऱ्हाणपुरात लाकडापासून शक्ती काढायची तर तिचा पहिला कारखाना चूल हाच मानला पाहिजे. तीन दगडांची चूल लाकडातील उष्णतेचा जेमतेम दहावा भाग भांड्याला देते. उरलेला धूर होऊन छपराला आणि बाईच्या फुप्फुसांना लागतो. हवेचा मार्ग नीट आखलेली सुधारलेली चूल याच्या दुप्पट-अडीचपट काम करते. म्हणजे निम्मे लाकूड वाचले. वाचलेले लाकूड ही निर्माण केलेलीच शक्ती आहे, आणि तिच्यासाठी एकही झाड नव्याने तोडावे लागत नाही. सुधारलेल्या चुलींच्या योजना पूर्वी आल्या आणि पुष्कळ ठिकाणी फसल्याही. चूल दिली, पण ती फुटल्यावर दुरुस्त करणारा दिला नाही, हे त्याचे एक मोठे कारण.

चुलीनंतर क्रम लागतो तो वाफेचा, विजेचा नव्हे. हा मुद्दा थोडा बारकाईने ऐकण्यासारखा आहे. लहान केंद्रात लाकूड जाळून वीज केली तर लाकडातील शक्तीचा चौथा हिस्साही हाती येत नाही. तेच लाकूड चांगल्या बाष्पकात जाळून वाफ वापरली, तर सत्तर टक्क्यांपर्यंत उपयोग होतो. आता बऱ्हाणपूर हे मोगलांच्या काळापासून विणकरांचे नगर. आज तेथे यंत्रमाग चालतात, आणि मागावर चढण्यापूर्वी सुताला खळ द्यावी लागते. खळ शिजवायला, सूत वाळवायला आणि कापड रंगवायला वाफ लागते, वीज नव्हे. शेतातली पऱ्हाटी आणि तुराटी यांच्या कांड्यांना याहून जवळचा आणि याहून किफायतशीर ग्राहक कोठे मिळणार? असे बाष्पक लहान असतात, त्यांची भूक तालुक्याच्या आटोक्यातली असते, आणि पीक बुडाले त्या वर्षी दुसरे जळण घेऊन ते चालू शकतात.

जंगलातून काही घ्यायचेच असेल तर ओरछाचा धडा घ्यावा. तेथे जशी बेशरम, तशी सातपुड्यात घाणेरी. हिला कोणी टणटणी म्हणतात. अमेरिकेतून शोभेचे झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती भारतात आली आणि देशभरच्या जंगलांत पसरली. तिच्याखाली गवत उगवत नाही, सालईचे रोप डोके वर काढीत नाही, गुरे तिला खात नाहीत. तिची मुळे खणून काढणे मोठे कष्टाचे काम आहे. तिच्या कांड्या करून त्या मजुरीचा काही भाग भरून निघाला, तर जंगलातून वजन बाहेर पडूनही जंगल वाढेल, हा क्वचितच जुळणारा योग साधेल. मात्र घाणेरीच्या नावावर अंजनाची फांदी येता कामा नये, आणि यासाठी कांड्यांचे यंत्र ग्रामसभेच्या ताब्यात गावातच असावे. ठेकेदाराच्या मालमोटारीत काय भरले आहे हे गावाला दिसत नाही, गावातल्या यंत्राला काय घातले ते दिसते.

पऱ्हाटीचे काम मुंबईच्या माटुंग्यातील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने केले आहे. 1924 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने पऱ्हाटीपासून फळ्या आणि दाबलेल्या कांड्या करण्याच्या पद्धती बसविल्या. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटाचा कोळसा पाडून त्याच्या कांड्या करण्याची भट्टी तयार केली, आणि तिला 2002 मध्ये इंग्लंडमधील ॲश्डेन पारितोषिक मिळाले. ज्ञान हाताशी आहे. अडचण वाहतुकीची आहे. पऱ्हाटी इतकी फुगीर असते की मालमोटार काठोकाठ भरली तरी वजन थोडेच भरते आणि डिझेलचा खर्च तितकाच होतो. यास्तव ती शेताच्या बांधावरच यंत्राने तोडून बारीक करावी लागते. कृषिशास्त्रज्ञांचे सांगणे असे, की शेवटची वेचणी झाल्यावर कपाशी फार दिवस उभी ठेवू नये, कारण गुलाबी बोंडअळी तिच्या उरल्यासुरल्या बोंडांत पुढच्या हंगामापर्यंत दडून राहते. तेव्हा पऱ्हाटी लवकर उपटणे शेतकऱ्याच्या हिताचे, बारीक करणे यंत्रमागाच्या हिताचे. राहिला उपटणाऱ्या मजूर बाईचा वाटा. तो रोख मजुरीत बुडवून न टाकता शेतातच दोन ढीग घालावेत, एक यंत्राकडे जाणारा आणि एक तिने आपल्या घरी न्यायचा. आणि तिचा ढीग आधी मोजावा.